लेकीसाठी शाळा: जवळची छोटी की लांबची नावाजलेली?

घाईतली_आई
लेक साडेतीन वर्षांची झालीये, आता शाळा ठरवायचीये. एक घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, छोटी, इमारत जुनी पण पटांगण बरंय. दुसरी नावाजलेली, एकदा घेतलं की दहावीपर्यंत अ‍ॅडमिशनची कटकट नाही, पण बसने जायला एक तास आणि यायला एक तास. नवरा म्हणतो मोठ्या शाळेत टाकू आणि सुटू, मला तो तास खुपतोय. नातेवाइकांना विचारावं तर जो तो आपल्याच पोरांच्या शाळेचं कौतुक करतो. बघायचं काय नक्की?

खडू_फळा
मी प्रायमरीला शिकवते, त्यामुळे जरा लांबण लावणार. ओपन डेला जा हवं तर, पण त्यावर ठरवू नका, त्या दिवशी सगळंच सजवलेलं असतं. शाळा चालू असताना वर्गाबाहेर थोडा वेळ उभं राहू देतात का विचारा आणि नुसतं ऐका, बाई बोलतायत की ओरडतायत, पोरं काही विचारतायत का की सगळी एका सुरात घोकतायत. भिंतीवरची फुलपाखरं सगळी सेम टु सेम असतील तर ती मुलांनी काढलेली नाहीत 😄 छोट्यांचं टॉयलेट स्वतःहून कोणी दाखवत नाही, तुम्हीच मागा. वर्गात मुलं किती, मदतीला मावशी आहेत का, आणि बाई दरवर्षी बदलतात का हेही विचारा, बदलत असतील तर आत काहीतरी बिनसलंय.

आणि हो, मॉन्टेसरीच्या पाटीला भुलू नका. मारिया मॉन्टेसरींनी १९०७ मध्ये रोमला पहिलं बालघर काढलं, पण आज ती पाटी कोणीही लावतं. साहित्य मुलांच्या हाताला येतं की कपाटात कुलूपबंद, आणि ३ ते ६ वयाची मुलं एकत्र बसतात का, एवढं बघितलं तरी कळतं.

दोन_पोरांचा_बाप
रोज दोन तास बस, साडेतीन वर्षांच्या पोरीला??? ताप आला म्हणून शाळेतून फोन आला तर कोण किती वेळात पोचणार ते आधी ठरवा. शिवाय जवळच्या शाळेतले मित्र संध्याकाळी खेळायलाही मिळतात.

काठावरचा
तास जास्तच आहे, मान्य. पण तुमचे मिस्टर अगदीच चूक नाहीत, वरच्या वर्गांत जागा निघणं अवघड असतं. मोठ्या शाळेत विचारून ठेवा की पहिलीला किंवा पाचवीला नवीन मुलं घेतात का. घेत असतील तर आत्ता घाई कशाला?

निवांत
लिहायला कधी बसवतात हेही विचारा. या वयात बोटांत तेवढी ताकद नसते, माती मळणं, मणी ओवणं हेच खरं काम. फिनलंडमध्ये पहिली सातव्या वर्षी सुरू होते आणि तिथली पोरं काही मागे पडलेली नाहीत. आणि घरची भाषा वर्गात बोलू देतात का ते बघा, सुरुवातीचं शिक्षण मातृभाषेत हवं असं युनेस्को १९५३ पासून सांगतेय.

घाईतली_आई
थँक्यू सगळ्यांना! पहिली-पाचवीचं डोक्यातच आलं नव्हतं, उद्या फोन करते. पण जवळच्या शाळेत नुसती घोकंपट्टी निघाली तर?

खडू_फळा
मग तिसरी शोधा की, दोनच शाळा थोड्याच आहेत शहरात. फक्त अर्ध्या तासाच्या आतली बघा.