गिरगाव मेट्रो स्टेशनला आईला न्यायचंय, गुडघ्यांचं काय होईल?

डोंबिवलीची_लेक
आई ७४ ची आहे, माहेर झावबाच्या वाडीतलं. टीव्हीवर गिरगावचं मेट्रो स्टेशन बघितल्यापासून एकच धोशा लावलाय, मला तिथे उतरायचंय, वाडीतल्या रामाचं दर्शन घ्यायचंय. आधी आम्ही सीएसटीला उतरून टॅक्सी करायचो पण एवढ्या जवळचं भाडं म्हटलं की टॅक्सीवाला मान फिरवतो. जिने तिला अजिबात जमत नाहीत, वीसेक पायऱ्या झाल्या की मटकन बसते. तिथे लिफ्ट आहे का नीट? आणि नकाशात जगन्नाथ शंकरशेट नावाचं स्टेशन दिसतंय, ते जेएसएस रोडवरचंच ना, तिथे उतरू का?

चिराबाजारवाला
ताई तिथे उतरू नका!! ते मुंबई सेंट्रलचं स्टेशन आहे. नानांच्या, म्हणजे जगन्नाथ शंकरशेटांच्या नावाचा जेएसएस रस्ता गिरगावात आणि नानांच्या नावाचं स्टेशन दोन स्टॉप पुढे, आमचा मेहुणा असाच सेंट्रलला उतरला आणि तिथून मला फोन, अरे तुझं घर कुठे गेलं. तुम्ही सीएसटीवरून बसा, मग काळबादेवी, मग गिरगाव. १० रुपये. १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी सोडणाऱ्या कंपनीच्या डायरेक्टरांत नाना होते आणि आता त्यांच्याच रस्त्याखालून गाडी धावते, हे आईंना सांगा, आवडेल.

गुडघेदुखी_क्लब
लिफ्ट आहे आणि सरकते जिनेही आहेत, पण लिफ्ट एकदम रस्त्यापासून प्लॅटफॉर्मपर्यंत नेते असं समजू नका, तिकिटाच्या मजल्यावर उतरून दुसरी धरायची. बाहेर पडताना लिफ्टचं चिन्ह असलेलं गेट बघूनच वळा, नाहीतर चुकीच्या टोकाला जाता आणि परत तेवढंच चालायचं. माझ्या सासूबाईंना सरकत्या जिन्याची भीती, पहिल्या पायरीवर पाय ठेवायच्या आधी तीनदा पदर खोचतात, मागे रांग लागते 😅 त्रास खरा सीएसटीला होतो, लोकलमधून उतरून मेट्रोपर्यंत भुयारातून चालणं आहे, मध्ये टेकून घ्या. तिकीट वरच काढा, खाली गेल्यावर मोबाईलच्या रेंजचा भरवसा नाही. आणि शेवटची गाडी रात्री साडेदहाची, माहेरपणात वेळ विसरू नका.

गॅलरीतला_मधला
लिफ्ट वगैरे ठीक आहे पण आईंना एक आधी सांगून ठेवा, वर आल्यावर ओळखीचं सगळंच दिसणार नाही. रस्ता इतका अरुंद की वरून खणून स्टेशन करणं शक्यच नव्हतं, म्हणून कडेच्या इमारती पाडून तिथे उभे खड्डे घेतले आणि त्यातून आडवं पोखरत रस्त्याच्या पोटात प्लॅटफॉर्म केला, एनएटीएम म्हणतात त्या पद्धतीला. आमची चाळ त्यातच गेली. आम्ही अजून भाड्याने कांदिवलीत. ९ ऑक्टोबर २०२५ ला ही लाईन कफ परेडपर्यंत सगळ्यांसाठी सुरू झाली त्या आठवड्यात बायकोला घेऊन गेलो, गाडी गार, काचेचे दरवाजे, सगळं झकास, आणि मी आपला प्लॅटफॉर्मवर उभा राहून वर छताकडे बघत हिशोब लावतोय की आमचा नळ नक्की कुठे आला असेल. बायको म्हणाली चला, लोक बघतायत.

डोंबिवलीची_लेक
सगळ्यांना थँक्यू. मेहुण्याची गोष्ट वाचून दाखवली, आई खूप हसली. शेवटची पोस्ट वाचल्यावर मात्र गप्प झाली आणि मग विचारते, दादांना विचार, कुठली चाळ. आमच्या वाडीच्या अलीकडची का पलीकडची?

गॅलरीतला_मधला
अलीकडची. त्यांना म्हणावं राम जागच्या जागी आहे.