मोगऱ्याची छाटणी संक्रांतीला की पाऊस सुरू झाल्यावर?

गच्चीवाली, कोथरूड

आमच्या सोसायटीत जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की माळीकाका मोठी कात्री घेऊन सगळ्या झुडपांना एकसारखे छाटत सुटतात, मोगरा, अनंत, तगर, बोगनवेल, सगळं एका उंचीचं, आणि मग वर्षभर कुणी हात लावत नाही. मला हे अजिबात पटत नाही. उन्हाळ्यात फुलं हवी असतील तर मोगरा जानेवारीतच छाटायला हवा, संक्रांतीच्या आगेमागे. कारण मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या शेंड्याला येते, जुन्या काडीला नाही. पेराच्या, म्हणजे पानांची जोडी फुटते त्या गाठीच्या, जरा वर कापलं की त्या पेरातून समोरासमोर दोन धुमारे निघतात, प्रत्येकाच्या टोकाला कळ्यांचा झुबका, बऱ्याचदा तीन कळ्या आणि त्यातली मधली आधी उमलते. जानेवारीत कापलं तर दीड-दोन महिन्यांत, ऐन मार्चमध्ये कळ्या धरतात. जूनमध्ये कापून आपण चालू बहर तोडतो, दुसरं काय?

धायरीकर

ताई, पूर्ण असहमत. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० च्या खाली जातो, मोगरा तेव्हा गप्प बसलेला असतो, त्याला कापून करायचं काय? पावसाळ्यात हवेत ओल असते, फूट जोरात येते, आणि कापलेल्या काड्या तिथेच मातीत खोचल्या तरी मुळं धरतात, फुकटात नवी रोपं. आणि छाटणी म्हणजे एकदाच असंही नाही. आमचं गाव नाशिककडे, द्राक्षाची बाग आहे. एप्रिलला नवी काडी वाढवायला खरड छाटणी, ऑक्टोबरला घडांसाठी फळछाटणी. एप्रिलमध्ये काडी तयार केली नाही तर ऑक्टोबरमध्ये घड कुठून येणार? मोगऱ्यालाही आधी पावसात काडी तयार करू द्या.

गच्चीवाली, कोथरूड

दादा, द्राक्षाचा दाखला दिलात ते बरं झालं, पण तो माझ्या बाजूचा आहे. द्राक्षात घड कुठे बनतो? एप्रिलनंतर वाढलेल्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे अजून न फुटलेल्या अंकुरात, ऑक्टोबरच्या आधीच, छाटणीने तो फक्त बाहेर येतो. म्हणून तिथे आधीची काडी जपावी लागते. मोगऱ्याचं तसं नाहीच, तो फूट आली की त्याच फुटीवर कळी धरतो, आदल्या पावसातल्या काडीत काही साठवून ठेवत नाही. उलट ती पावसातली लांब लुसलुशीत वाढ जानेवारीत कापूनच टाकावी लागते. थंडीचं म्हणाल तर झाड गप्प असतं म्हणूनच तेव्हा कापायचं, फेब्रुवारीत ऊन चढलं की सगळे डोळे एकदम फुटतात. रोपं हवीत तर पावसात चार काड्या जरूर घ्या, त्यासाठी अख्खं झाड बोडकं कशाला करायचं?

कुंडीतली बाग, औंध

वेळेवर भांडताय पण पाण्याबद्दल कुणीच बोलेना. छाटणीच्या आधी आठ-दहा दिवस पाणी तोडून ताण द्यायचा, पानं थोडी मलूल झाली की कापायचं, माती उकरून शेणखत आणि निंबोळी पेंड घालायची आणि मग भरपूर पाणी. ताण न देता नुसतं कापलं तर पानंच पानं येतात. कुंडीला मात्र जपून, गच्चीवरची छोटी कुंडी दोन दिवसांत कोरडी ठक्क होते, तिथे आठ दिवस म्हणजे झाड गेलंच. आणि बहराच्या मध्ये, फुलं गळली की प्रत्येक शेंडा एक-दोन पानांच्या जोडीसकट खुडायचा, पुढचा बहर लवकर येतो. याला कात्रीही लागत नाही, नखाने होतं.

अनंतप्रेमी, सहकारनगर

माझा विरोध दोघांनाही आहे. धागा मोगऱ्याचा आहे हे मान्य, पण सोसायट्यांमध्ये असलं काही वाचून लोक जानेवारीत बागेतलं सगळंच छाटून टाकतात आणि मग मे महिन्यात विचारतात की अनंताला फूल का नाही. अनंताच्या कळ्या फुलायच्या खूप आधीपासून फांदीवर बसलेल्या असतात, हिरव्या, पिळलेल्या, नीट बघितलं तर दिसतात. त्याला फुलं संपल्या संपल्या, ऑगस्टच्या आत छाटायचं, नंतर फक्त वाळकं काढायचं. कुंद तर थंडीतच फुलतो, पौषात त्याला कात्री लावणं म्हणजे भरल्या ताटावरून उठवणं आहे, आणि तो मोगऱ्याचाच भाऊबंद असल्यामुळे माळी लोक हमखास दोन्ही एकदम कापतात. बोगनवेल पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात. जानेवारीत कापाल तर उन्हाळ्याचा रंग हातानेच घालवाल.

धायरीकर

हे अनंताचं पटलं, म्हणजे जून-जुलैची छाटणी सरसकट चूक नाही एवढं तरी ताईंनी मान्य करावं. आणि मोगऱ्याबद्दल माझा एक मुद्दा अजून शिल्लक आहे, उन्हाळाभर फुलून झाड उंच आणि विरळ होतं, पावसात आतून दाटी, बुरशी, पानांवर ठिपके. तेव्हा आतल्या फांद्या काढायच्या नाहीत का?

गच्चीवाली, कोथरूड

काढायच्या की, आतल्या दाटीच्या, वाळक्या, रोगट फांद्या कधीही काढा, पावसाची दोन दिवस उघडीप बघून, आणि जाड फांदी असेल तर कापाला बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा मोरचूद-चुन्याचा लेप, लावून, नाहीतर पाणी मुरून फांदी टोकापासून खाली वाळत येते. अनंताची जुलैची छाटणीही मान्य. माझं भांडण सगळ्यांना एकाच दिवशी अर्ध्यावर कापण्याशी आहे. मोगऱ्याची मुख्य छाटणी जानेवारीतच, त्यावरून मी हटणार नाही. रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये झाडाप्रमाणे महिने लिहिलेला कागद माळीकाकांना देणार आहे, जास्वंद आणि तगरीचं कुणी नीट सांगितलं तर तेही त्यात घालते.

कुंडीतली बाग, औंध

जास्वंद बारा महिने नव्या फुटीवर फुलते, तिला फेब्रुवारीत एक तृतीयांश कापा. फक्त कापायच्या आधी शेंड्यांवर पांढरा मावा, म्हणजे पिठ्या ढेकूण आहे का बघा, असेल तर त्या काड्या कंपोस्टमध्ये टाकू नका.