जुन्या बंगल्याचा फोटो काढलात, आता तिथल्या स्कीमचाही काढा

गोकुळपेठवाला

धरमपेठ, गोकुळपेठ, शंकरनगर, लक्ष्मीनगर, कुठंही फिरा, चार-सहा प्लॉट सोडले की एक हिरवी जाळी लागलेली दिसते. बंगला पडायच्या आधी फोटो काढणाऱ्या आपल्यापैकी कोणीतरी तिथं कॅमेरा घेऊन पोचलेलं असतं. लाकडी दार, छपरीतला झोपाळा, कवेलूंवरचं तिरपं ऊन आणि खाली ओळ, ‘हरवत चाललेलं नागपूर’. भरपूर बदाम पडतात. मग त्या प्लॉटकडे कोणी फिरकत नाही.

मला वाटतं, हे अर्धवट काम आहे. वस्तीत काय बदललं ते इमारत उभी राहिल्यावरच कळतं. बंगल्याची भिंत छातीइतकी होती, तिच्यावरून शेजारी बोलायचे. फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली इस्त्रीवाल्याचं टेबल होतं, कोपऱ्यावर पानठेला, मागच्या आउटहाउसमध्ये घरकाम करणारं कुटुंब. स्कीम, म्हणजे फ्लॅटची इमारत, झाली की तळमजल्यावर पार्किंग येतं, भिंत वर चढते, चौकीदाराची केबिन येते. गाड्या वळवायला जागा हवी म्हणून ठेला जातो. आउटहाउसवाले कुठं गेले ते विचारायलाही कोणी उरत नाही. यातलं काहीही झोपाळ्याच्या फोटोत नाही. बिल्डरच्या माहितीपत्रकात तर नाहीच.

पॅरिसचं उदाहरण घ्या. १८६० च्या दशकात जुने बोळ पाडून रुंद रस्ते काढताना तिथल्या नगरपालिकेनंच शार्ल मार्व्हिल या छायाचित्रकाराला ते बोळ टिपायला लावलं. म्हणजे पाडणाराच नोंद ठेवत होता! पण मार्व्हिल तिथं थांबला नाही. नवे रस्ते, नवे दिव्याचे खांब आणि शहराच्या कडेला पडलेल्या झोपड्या, हेही त्यानं काढलं. ती मालिका आज कामाची वाटते ती त्यामुळे.

तेव्हा एक प्लॉट धरा आणि इमारत राहती होईपर्यंत सोडू नका. उभं राहायची जागा तीच, लेन्स तीच. फोनची वाइड लेन्स नको, इमारती मागे रेलल्यासारख्या दिसतात. खूण म्हणून विजेचा खांब धरू नका, रस्त्याचं काम निघालं की खांबच हलतो. समोरच्या घराचं फाटक धरा.

लक्ष्मीनगरची ताई

ज्यांचं घर पाडलं, त्यांच्यापैकी मी एक. दादा, तुमच्या त्या झोपाळ्याच्या फोटोत आमचं घर येतं, घरातली अडचण येत नाही. चार भावंडांचे हिस्से, नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) लीजची कागदपत्रं, पावसाळ्यात प्रत्येक खोलीत बादली आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आई, जिला अंगणातल्या बाथरूमपर्यंत धरून न्यावं लागायचं. आज ती लिफ्टनं खाली उतरून फिरायला जाते. ‘हरवलेलं नागपूर’ म्हणून हळहळणाऱ्यांतला कोणी छत दुरुस्त करायला आला नव्हता.

दुसरं म्हणजे, आमचा निर्णय व्हायच्या आधीच कोणीतरी फाटकाचा फोटो टाकला, पाटीसकट. पंधरवडाभर दलालांचे फोन चालू होते. आता तुम्ही म्हणता, इमारत होईपर्यंत पुन्हा पुन्हा येऊन उभे राहणार. आमच्या खिडकीसमोर? कोणाला विचारून?

गोकुळपेठवाला

ताई, पाटी दिसायला नको, मान्य. पण रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारतीचा फोटो काढायला परवानगी लागत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये वास्तूच्या छायाचित्राला स्पष्ट सूट आहे. आणि लिफ्टनं उतरणाऱ्या काकूंचा फोटो कोणी काढत नाही, हीच तर माझी तक्रार आहे. तोही या गोष्टीचाच भाग आहे ना?

लक्ष्मीनगरची ताई

कायदा वास्तुरचनाकाराचा हक्क सांगतो, माझ्या आईचा नाही. ती तुमच्या मालिकेतला भाग नाही. बेल वाजवा, चहा घ्या, विचारा. ती हो म्हणाली तर काढा.

इतवारीचा भाऊ

राजेहो, पश्चिम नागपुरातला एक बंगला पडला की तुमाले दुःख होते, अन् पॅरिसबी आठवते. आमच्या इकडं या जरा. महाल वस्तीत केळीबाग रस्ता रुंद केला तवा समोरची घरं-दुकानं कापली. अर्धी खोली उघडी, भिंतीले निळा रंग, कॅलेंडरचा खिळा तसाच. ते कोन टिपलं? लोकायनंच टिपलं, मोबाइलवर, भरपाईच्या फाइलीत लावाले. त्याले कोनी कला म्हने नाही.

त्या फोटोत ऊन-बिन काही नव्हतं. मोजमापाची टेप दिसे, दुकानाचं शटर दिसे, तारीख दिसे. माह्या मते फोटो म्हनजे हेच. उद्या कोनी म्हनलं का इथं ओटा नव्हताच, त तोंडावर फेकाले पाह्यजे. तुमची मालिका भिंतीवर टांगाची हाय का फाइलीत लावाची, हे पह्यले ठरवा.

साइटवरचा माणूस

मी इंजिनिअर आहे, अशाच स्कीमवर काम करतो. ‘बांधकाम चालू असताना काढा’ म्हणणं सोपं आहे. जाळीच्या आत बाहेरच्या माणसाला सोडणं धोक्याचं, वरून प्लेट पडली तर जबाबदारी माझी. शिवाय बालाघाट, छत्तीसगडकडून आलेली मिस्त्री आणि रेजा (मजुरी करणाऱ्या बायका) मंडळी पोट भरायला आली आहेत, कोणाच्या मालिकेत दिसायला नाहीत. एका फोटोत हेल्मेट नसलेला मजूर दिसला तर ठेकेदार पहिला त्यालाच काढतो, हेल्मेट घेत नाही.

आता उलटी बाजूही सांगतो. स्लॅब भरून झाली, मिठाई वाटली, की याच बायका मला म्हणतात, साहेब, आमचा एक काढा न वर उभं राहून. गावाकडे पाठवायचा असतो. इमारत राहती झाली की चौकीदार त्यांना फाटकातसुद्धा उभं करत नाही. तर काढायचाच असेल तर त्यांना हवा तसा काढा आणि त्यांच्या फोनवर पाठवून द्या. तुमच्या पानावर टाकायचा की नाही ते मग विचारा.

ड्रोनचं कोणी काढण्याआधीच सांगतो. सोनेगावचं विमानतळ जवळ आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांतला नकाशा बघितल्याशिवाय उडवू नका.

मागच्या खोलीतला भाडेकरू

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला आलो तेव्हा एका बंगल्याची मागची खोली मिळाली होती. कूलर आपला आणायचा, पाणी विहिरीचं. बंगला गेला, खोली गेली. आता त्याच गल्लीत फ्लॅट बघायला गेलो तर अनामत ऐकूनच परत फिरलो. सध्या शहराच्या कडेला, बेसाच्या पलीकडे राहतो.

माझा आक्षेप वेगळा आहे. नव्या इमारतीचे सरळ रेषेतले, संध्याकाळच्या उजेडातले फोटो तुम्ही टाकणार आणि बिल्डर ते उचलून स्वतःच्या जाहिरातीत लावणार. ‘बदलतं गोकुळपेठ’! फुकटची जाहिरात. वस्ती महाग होते ती फोटोत दिसतच नाही, कारण भाडं दिसत नाही. मग लिहा खाली. आधी इथं काय भाडं होतं, आता काय आहे, आधी किती बिऱ्हाडं होती, त्यांतली किती त्याच वस्तीत राहिली. हे चार आकडे नसतील तर तुमचा ‘नंतर’चा फोटो आणि बिल्डरचा फोटो यांत मला फरक करता येणार नाही.

गोकुळपेठवाला

भाड्याचं पटलं, लिहीन. उजेडाचं नाही. भर दुपारी बाराला काढला म्हणून फोटो प्रामाणिक होत नाही.

झाडं मोजणारी

इतवारीच्या भाऊंशी सहमत, फोटो पुराव्याला लागतो. दोन गोष्टी सांगते.

झाड तोडायच्या अर्जावर हरकत घेता येते, १९७५ च्या वृक्ष कायद्यानुसार त्याची जाहीर नोटीस लागते. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज वृक्ष ठरवलंय. पण वय सिद्ध कसं करणार? कोणाच्या तरी मुंजीचा, लग्नाचा फोटो, ज्यात मागं तोच आंबा उभा आहे. म्हणून म्हणते, कॅमेरा नंतर काढा, आधी त्या घरातले जुने अल्बम स्कॅन करून द्या. बंगले पाडताना ते रद्दीत जातात.

दुसरी गोष्ट रस्त्याची. सिमेंटचे रस्ते वर आले आणि जुनी घरं खड्ड्यात गेली. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, तेव्हा कोणाचं जोतं रस्त्यापेक्षा किती खाली होतं हे दाखवणारे आधीचे फोटो शोधूनही सापडेनात. दारांचे हजार, उंबरठा आणि रस्ता एकत्र दिसेल असा एकही नाही. साइटवरचा परवानगीचा आणि महारेराच्या (गृहप्रकल्पांच्या सरकारी नियामकाच्या) नोंदणीचा फलकही काढत जा, इमारत झाली की तो गायब होतो.

लक्ष्मीनगरची ताई

अल्बम माझ्याकडे आहेत, देईन. आमच्या झाडाचं वाईट वाटलं, ते मात्र खरंच वाचवता आलं असतं. फक्त त्या फोटोंखाली ‘हरवलेलं’ वगैरे लिहायचं नाही. पत्ता नको, गल्ली आणि साल लिहा.

गोकुळपेठवाला

चालेल. पण नव्या इमारतीचा फोटो मी काढणार, रस्त्यावरून. काकूंच्या खिडकीचा पडदा ओढलेला असला तरी.

लक्ष्मीनगरची ताई

काढा. पार्किंगमध्ये आमच्या इस्त्रीवाल्याचं टेबल आहे, तेही घ्या. सोसायटीच्या बैठकीत भांडून ठेवून घेतलंय त्याला. सगळेच ठेले जातात असं वर लिहिलंय ना तुम्ही.

इतवारीचा भाऊ

भाऊ, तिकडचं झालं का इतवारीत येजा. सकाळी दुकानं उघडाच्या आत, मंग हातगाड्यायनं रस्ता दिसत नाही. तीन पायांचं स्टँड आनू नका, लोकायले वाटते नगरपालिकेचा माणूस मोजाले आला.