जर्मनीत शिकताना शनिवार-रविवार फिरायचं कसं जमवता? घरी लोन आहे, मन होत नाही

यावलची_लेक
नमस्कार सगळ्यांना. मी यावल तालुक्यातली, बी.ई. जळगावला केलं आणि ऑक्टोबरपासून माग्डेबुर्गला मास्टर्स चालू आहे. माझ्यासोबत राहणाऱ्या दोघी बऱ्याच शनिवारी कुठे ना कुठे निघतात, कधी प्राग, कधी हॅम्बुर्ग, मागे तर थेट बुडापेस्ट, आणि मला दर वेळी विचारतात आणि मी दर वेळी असाइनमेंटचं कारण सांगते. खरं कारण पैशाचं आहे. पप्पांनी शेत तारण ठेवून लोन घेतलंय, जूनच्या वादळात निम्मी केळी आडवी झाली, आणि ब्लॉक अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या पैशातून) महिन्याला ९९२ युरो येतात त्यातून रूमचं भाडं, इन्शुरन्स, किराणा जाऊन जे उरतं त्यात फिरायचं म्हणजे पप्पांच्या जिवावर मजा मारल्यासारखं वाटतं. पण जायचंय हो, खूप जायचंय. भुसावळहून मुंबईला पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात इथे दुसरा देश लागतो, हे रोज नकाशात बघून बघून जीव वरखाली होतो.

तर विचारायचं असं की कागदपत्रं काय लागतात, स्वस्तात कसं होतं, एकट्या मुलीने जाणं बरं का, आणि मी शाकाहारी आहे तर खायचं काय. माझ्याकडे डॉइचलांड-टिकेट आहे, म्हणजे लोकल आणि रिजनल गाड्यांचा महिन्याचा पास. आणि घरी सांगायचं कसं? आईला वाटतं दुसऱ्या देशात जाणं म्हणजे पुन्हा व्हिसा, पुन्हा मुंबईची चक्कर.

भुसावळ_ते_ड्रेस्डेन
ताई, आधी कागदांचं बोलतो कारण गडबड तिथेच होते. तुझा जर्मनीचा डी व्हिसा (लांब मुक्कामाचा) किंवा रेसिडेन्स कार्ड असेल तर बाकी शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, कुठल्याही १८० दिवसांत मिळून ९० दिवस फिरता येतं, वेगळा व्हिसा नाही. स्वित्झर्लंड ईयूत (युरोपियन युनियनमध्ये) नाही पण शेंगेनमध्ये आहे, चालतं. इंग्लंड आणि आयर्लंडला चालत नाही, तिथे वेगळा व्हिसा. पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही ओरिजिनल सोबत पाहिजे, मोबाइलमधला फोटो दाखवून भागत नाही. जर्मनीने २०२४ च्या सप्टेंबरपासून सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी पुन्हा सुरू केलीये, प्रागहून रात्रीच्या बसने येताना मध्येच बस थांबते, पोलीस टॉर्च घेऊन चढतात, एकेकाचा पासपोर्ट आणि कार्ड हातात घेऊन चेहऱ्याशी ताडून बघतात, एकाजवळ कागद नसला की अख्खी बस थंडीत ताटकळते. आणि समजा व्हिसा संपला, कार्ड अजून यायचंय आणि हातात नुसता ऑफिसने दिलेला तात्पुरता कागद आहे, तर कार्ड हातात पडेपर्यंत जर्मनीबाहेर पाऊल टाकू नको. त्या कागदाचे प्रकार आहेत, एखाद्यावर परत येता येतं, पण दुसऱ्या देशाचा पोलीस तो ओळखेल याचा भरवसा नाही.

आता पैसे. तुझ्याकडे डॉइचलांड-टिकेट आहे म्हणजे निम्मं काम झालं. २०२३ च्या मेमध्ये हे ४९ युरोला सुरू झालं, आता ६३ झालंय, तरी तू ते कॉलेजला जायला भरतेच आहेस, मग शनिवारी त्याच तिकिटावर रिजनल गाड्यांनी पूर्ण जर्मनी मोकळी आहे, फक्त आयसीई आणि आयसी या लांबच्या जलद गाड्यांत बसायचं नाही. माझं म्हणणं असं की पहिले दोन-तीन महिने देश ओलांडूच नको. माग्डेबुर्गहून क्वेडलिनबुर्गला थेट रिजनल गाडी आहे, सव्वा तासाच्या आसपास लागतो, १९९४ पासून युनेस्कोच्या यादीत असलेलं गाव, लाकडी चौकटीची शेकडो वर्षांची घरं अजून राहती आहेत, एका गल्लीतनं दुसऱ्या गल्लीत फिरत बसायचं, तिकीट कशालाच नाही. तीच गाडी पुढे थालेला जाते, तिथून हार्ट्सचे डोंगर. विटेनबर्गही तुझ्याच राज्यात, ल्युथरने १५१७ मध्ये जिथे चर्चविरुद्ध मुद्दे मांडले ते गाव, आणि त्या ३१ ऑक्टोबरची तुमच्या राज्यात सुट्टी असते, आमच्याकडेही असते.

आणि दुसऱ्या देशात पाय ठेवायचाच असेल ना तर माझी सगळ्यात आवडती ट्रिप सांगतो. ड्रेस्डेनहून एस-१ लोकल पकड, तुझ्याच तिकिटावर. डाव्या हाताला बस, कारण एल्ब नदी पूर्ण रस्ता त्याच बाजूला आहे. राटेनला उतर, छोट्या होडीने नदी पार कर, अर्धा-पाऊण तास चढलीस की बास्टाय. वालुकाश्माचे सुळके आणि त्यांच्यामध्ये १८५१ चा दगडी पूल, खाली नदीचं वळण. उतरून पुन्हा तीच लोकल पुढे शोनापर्यंत ने, समोरच्या काठावर चेकचं ह्रेन्स्को दिसतं, तिथेही होडी जाते. ना बस, ना हॉटेल, ना रात्रीचा प्रवास, आणि देश बदलला. डब्यात भाकरी असली की दिवस मजेत जातो.

शिरपूरचा_भाऊ
मी थोडं वेगळं बोलणार, राग मानू नका. पहिल्या सेमिस्टरला फिरू नका. मी आखेनला होतो, आमच्या बॅचला हिवाळ्यात सगळे फिरत होते आणि फेब्रुवारीत पेपर आले तेव्हा दोन विषय राहिलेले बरेच होते, इथे पेपरला मोजकेच प्रयत्न मिळतात, तिसऱ्यांदा नापास झालात तर बऱ्याच युनिव्हर्सिटीत तो कोर्सच बंद होतो, आणि तोच विषय जर्मनीत दुसरीकडे पण घेता येत नाही. ज्याच्या घरी शेत गहाण आहे त्याने हा धोका घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. फेब्रुवारीचे पेपर संपले की मार्च पूर्ण मोकळा असतो, जुलैच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत सुट्टी, तेव्हा दोन दिवसांऐवजी आठवडा काढा. आमच्याकडे म्हणतात ना, ताई, आठे येल शे तं फिरी ले, पन पेपर पहिले काढी ले (इथे आलीच आहेस तर फिरून घे, पण आधी पेपर काढ).

धुळेकरीण_ल्योंहून
शिरपूरच्या भाऊंचं पेपरचं एकदम पटतं, पण पूर्ण सेमिस्टर खोलीत कोंडून घेणं मला नाही पटत. नोव्हेंबरमध्ये चार वाजता अंधार पडतो, घरची आठवण येते, त्या महिन्यात एखादा शनिवार बाहेर पडलं की सोमवारी डोकं चालतं. मी ल्योंला आहे, इथे २७ वर्षांपर्यंतच्यांना रेल्वेचं सवलतीचं कार्ड मिळतं वर्षाला ४९ युरोचं, फ्रान्सला आलीस आणि दोनदा प्रवास केलास तरी त्याचा विचार कर.

मला तुला दोन-तीन गोष्टी सांगायच्यात ज्या मुलींनी एकमेकींना सांगायला पाहिजेत. रात्रीच्या बसने हॉस्टेलचे पैसे वाचतात हे खरं पण बस पहाटे तीन-चारला पोचणारी घेऊ नको, उजाडल्यावर पोचणारी घे, भले पाच युरो जास्त लागू दे. हॉस्टेलमध्ये फक्त मुलींचा डॉर्म मिळतो, तो बुक कर, लॉकरला स्वतःचं कुलूप ने. आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे, त्या दोन रात्रींचा प्रवास असला तर वेळ दोनदा बघ.

दुसरं, तुझं वय २६ च्या आत असणार. मग युरोपातली रहिवासी म्हणून पॅरिसचं लुव्र म्युझियम तुला फुकट आहे! पासपोर्ट भारतीय असला तरी चालतं, जर्मनीचं रेसिडेन्स कार्ड दाखवायचं. फुकट असलं तरी वेळेचा स्लॉट आधी ऑनलाइन घ्यायचा, आणि मंगळवारी बंद असतं. माद्रिदचं प्राडो म्युझियम रोज शेवटचे दोन तास सगळ्यांनाच फुकट. अशी ठिकाणं निवडलीस तर शहर महाग असूनही तुझा दिवस स्वस्तात जातो. स्वस्त विमानाचं तिकीट बघून मात्र लगेच उड्या मारू नको. पॅरिस लिहिलेला बोव्हेचा एअरपोर्ट पॅरिसपासून ८० किलोमीटरच्या वर आहे, फ्रँकफुर्ट-हान तर १२० च्या आसपास, बसभाडं धरलं की हिशोब उलटतो. आपल्या पासपोर्टवाल्यांना काही कंपन्यांच्या काउंटरवर सिक्युरिटीच्या आधी कागद तपासून घ्यावे लागतात, त्याची वेळ धर.

खाण्याचं सांगते. दशम्या कर. दुधात कणीक भिजवलेल्या दशम्या दोन दिवस आरामात टिकतात आणि सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी, बस. ठेचा विमानात न्यायचा असेल तर तो पातळ पदार्थात धरतात, बऱ्याच एअरपोर्टवर १०० मिलीच्या वर काढून घेतात, म्हणून कोरडी चटणीच बरी. हॉस्टेलला किचन असतं, मी बिबडे (ज्वारीचे पापड) घेऊन जाते आणि तव्यावर भाजते, एकदा एका पोलंडच्या मुलीने वास येतोय म्हणून विचारलं आणि मग आम्ही दोघींनी मिळून पूर्ण पिशवी संपवली. बाहेर फलाफल सगळीकडे मिळतं. प्रागला बटाट्याचे ब्रांबोराक आणि तळलेलं चीज मिळतं, पण सूप घेताना विचारून घे, बटाट्याच्या सुपातही डुकराचं मांस असू शकतं.

भुसावळ_रेल्वे_काका
बेटा, मी रेल्वेतून रिटायर झालो, मुलगी श्टुटगार्टला आहे, तिच्याकडे राहून आलो त्यामुळे तिथल्या गाड्यांचं थोडं कळतं. गाडी बदलायला सात मिनिटं दाखवतात ते कागदावर. म्हाताऱ्याचं ऐक, मोठ्या जंक्शनवर निदान अर्धा तास ठेव. दुसरं असं की लांबचं तिकीट एकाच बुकिंगमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत काढ. म्हणजे पहिली गाडी लेट होऊन पुढची चुकली तर ती जबाबदारी त्यांची, पोचायला २० मिनिटांच्या वर उशीर होणार असेल तर ठरलेल्या गाडीचं बंधन सुटतं आणि दुसऱ्या गाडीत बसता येतं. ६० मिनिटांच्या वर उशीर झाला तर २५ टक्के, १२० च्या वर झाला तर ५० टक्के पैसे परत मागता येतात. पण पहिला तुकडा तुझ्या महिन्याच्या पासवर आणि पुढचा वेगळ्या स्वस्त तिकिटावर असं केलंस तर ती दोन वेगळी तिकिटं झाली, पास असलेली गाडी लेट झाली तरी पुढच्या तिकिटाचं नुकसान तुझं. असं करायचंच असेल तर एक गाडी आधीची पकड. शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी संध्याकाळी उभं राहायला जागा नसते, शनिवारी पहाटे निघून रविवारी दुपारी परत. आणि शनिवार-रविवारीच रुळांची कामं काढतात, आदल्या रात्री ॲपमध्ये बघून घे, गाडीऐवजी बस लावलेली असते.

घरचं म्हणशील तर बापाला सरळ सांग. आम्हा लोकांना मुलीने पैसे खर्च केले याचं वाईट वाटत नाही, दुसऱ्याच्या स्टेटसवर फोटो दिसतो आणि आपल्याला माहीत नसतं त्याचं वाटतं. माझी मुलगी निघायच्या आधी गाडीचा नंबर पाठवायची, मी इथे बसून ती कुठे पोचली ते बघायचो, तिची आईही मग निवांत झोपायची. तुझ्या पप्पांना नकाशा पाठव, कुठल्या नदीकाठी गेली ते सांग, केळी लावणाऱ्या माणसाला तिथली शेती कशी दिसते त्याचा फोटो सगळ्यात जास्त आवडेल.

यावलची_लेक
सगळ्यांचे खूप आभार, काका तुमचं वाचून डोळे भरून आले. आज पप्पांना फोन केला आणि सरळ सांगितलं. ते म्हणे रेल्वेचा पास तर भरलेला आहेच ना, मग घरात बसून काय करते, आणि आईने विचारलं की क्वेडलिनबुर्गला थंडी किती असते. आई अजून प्रागला हो म्हणत नाहीये, ते पेपर झाल्यावर बघू. शिरपूरच्या भाऊ, तुमचं ऐकून ठरवलंय, फेब्रुवारीचे पेपर होईपर्यंत फक्त एका दिवसाच्या, पासवर होणाऱ्या ट्रिप, आणि मार्चमध्ये ड्रेस्डेन, बास्टाय आणि जमलं तर तिथूनच पुढे प्राग.

एकच विचारायचं राहिलं. आजारी पडलं तर? माझं सरकारी हेल्थ इन्शुरन्स आहे, ते बाहेर चालतं का? आणि प्रागला युरो चालतो का?

भुसावळ_ते_ड्रेस्डेन
इन्शुरन्स कार्ड उलटं करून बघ, मागच्या बाजूला युरोपियन कार्ड छापलेलं असतं, ते चेक, ऑस्ट्रिया, फ्रान्स, इटली वगैरे ईयू देशांत तातडीच्या उपचाराला चालतं. स्वित्झर्लंड, नॉर्वे आणि डेन्मार्कला मात्र आपल्या पासपोर्टवर ते धरत नाहीत, तिथे जायच्या आधी वेगळा ट्रॅव्हल इन्शुरन्स काढ, वर्षाचा पण फार महाग नसतो. प्रागला कोरुना चालतो, काही दुकानं युरो घेतात पण भाव वाईट लावतात. कार्डनेच पैसे दे, आणि एटीएम किंवा मशीनने विचारलं की युरोमध्ये कापू का, तर नाही म्हण, कोरुनातच कापायला सांग. रस्त्यावर कोणी नोटा बदलून देतो म्हणून जवळ आला तर थांबू नको. मार्चमध्ये ड्रेस्डेनला येशील तेव्हा इथे लिही, मी आणि माझी बायको असतो, शनिवारी दुपारी वरण-बट्टी असते आमच्याकडे, जेवून मग पुढची गाडी पकड.