अनुभव धागा: कीटो केलं, पण माझं तुमच्यासारखं झालं नाही

टेकडीकर

रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर आमचा दहा-बारा जणांचा गट चालायला जातो. त्यातले निम्मे कीटोवर (भात-पोळी-साखर जवळजवळ बंद, तूप-तेल भरपूर) आहेत, उरलेल्यांची बायको किंवा नवरा तरी आहेच. मागच्या महिन्यात एका ताईंनी सांगितलं की कीटोनंतर त्यांचं कोलेस्टेरॉल बरंच वाढलंय. लगेच एकजण म्हणाला, "लॅब बदला." दुसरा म्हणाला, "नीट करत नसणार तुम्ही." ताई पुढच्या दोन रविवारी आल्याच नाहीत. फोन केला तर म्हणाल्या, गुडघा दुखतोय. गुडघ्याला काहीही झालेलं नाही हे मला ठाऊक आहे.

म्हणून हा धागा. कीटो चांगलं की वाईट याचा निकाल इथे लावायचा नाही. तुमचा अनुभव बाकीच्यांपेक्षा वेगळा निघाला तेव्हा काय झालं, शंका काढल्यावर लोक कसे वागले, तुमच्याकडे कोणी शंका घेऊन आलं तेव्हा तुम्ही काय बोललात, ते लिहा. गोळ्या कुठल्या चालू होत्या आणि ताटात खरोखर काय होतं, एवढं मात्र नक्की सांगा. दिवसाला २० ग्रॅम कार्ब्स (धान्य-साखरेतली कर्बोदकं) खाणाराही "मी कीटोवर" म्हणतो आणि भाकरी अर्धी करून १०० ग्रॅम खाणाराही. मग दोघे एकमेकांना खोटं ठरवतात.

नाचणी सत्त्व (बाणेर)

मला फायदा झाला, आधीच सांगते. पीसीओएस (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होते तो त्रास) आहे, मेटफॉर्मिनची गोळी चालू होती आणि आहे. ताटात अंडी, पनीर, पालेभाज्या, जवसाची चटणी, भरपूर तूप. पाळी नियमित झाली, वजन उतरलं.

तरी माझी तक्रार आहे ती फायदा झालेल्यांबद्दलच. पहिल्या आठवड्यात काटा खाली आला की लोक गटात फोटो टाकतात. अहो, ते बहुतेक पाणी असतं! शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे साखरेच्या साठ्याबरोबर) त्याच्या साधारण तिप्पट पाणी धरलेलं असतं. कार्ब्स बंद केले की ग्लायकोजेन संपतं आणि ते पाणीही जातं. हे मी गटात लिहिलं तर उत्तर आलं, "उत्साह कशाला घालवतेस?" पण याच माणसांचं वजन तिसऱ्या आठवड्यात अडलं की ती निराश होऊन सोडतात, आणि मग आपण म्हणतो त्यांच्यात चिकाटी नव्हती.

सासूबाई सुरुवातीला म्हणाल्या, "तूप खाऊन कोणी बारीक होतं का?" मी वाद घातला नाही. सहा महिन्यांनी त्यांनीच विचारलं, माझ्या शुगरला चालेल का ग हे? म्हटलं, ते तुमच्या डॉक्टरांना विचारूया.

कटाची आमटी (कोथरूड)

त्या गुडघावाल्या ताई म्हणजे मीच. टेकडीकर, तुम्ही नाव घेतलं नाहीत, पण सगळ्यांना कळलंच असणार.

कीटोच्या आधी माझं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, ११८ होतं, नंतर २१४ आलं. ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) उतरले, एचडीएल म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल वाढलं, वजनही गेलं. म्हणजे रिपोर्टचा अर्धा भाग पेढे वाटावेत असा आणि अर्धा झोप उडवणारा. गटात पहिल्या अर्ध्यावर टाळ्या पडल्या. दुसऱ्या अर्ध्याला मात्र उत्तर तयारच होतं: "एलडीएलचे कण मोठे असतात, काही होत नाही." हे म्हणणाऱ्यांपैकी कोणीही माझ्या वडिलांबद्दल विचारलं नाही. ते ५२व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले.

हृदयरोगतज्ज्ञांना माझा आकडा अजिबात नवलाचा वाटला नाही. कीटोवर सगळ्यांचं एलडीएल वाढतं असं नाही, पण काहींचं खूप वाढतं, आणि मुळात फारसे जाड नसलेल्या लोकांत हे जास्त दिसतं, असं म्हणाले. मी तूप, साय आणि खोबरेल तेल निम्म्याहून कमी केलं. त्याजागी शेंगदाणे, बांगडा, शेंगदाण्याचं तेल आणलं, डाळ पुन्हा सुरू केली, दुपारी एक भाकरी. एलडीएल खाली आलं. वजन किलो-दीड किलो परत आलं, ते मला चालतंय.

हे सांगितल्यावर गटातून एकच वाक्य आलं: "पण मग ते कीटो राहिलं नाही." नसू दे की.

सदाशिवपेठी

मी कीटो करत नाही, करणार नाही. तरी लिहितोय, कारण धागा शंकेखोरांबद्दल आहे आणि त्या विषयातला आमचा अधिकार पिढीजात आहे.

"दीक्षित की दिवेकर" या वादात लग्नाच्या पंगती दुभंगलेल्या या शहराने पाहिल्यात. दोन वेळाच जेवायचं की दर दोन तासांनी, यावरून सख्ख्या भावांनी अबोला धरलेला मी पाहिलाय. तेव्हा कीटोवाल्यांनी आपला छळ होतोय असं मानू नये. आम्ही सगळ्यांनाच छळतो.

आता जरा गंभीर. आमच्या पुण्यातल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. उंची-वजनाचं गणित एकच, आतला माल वेगळा. तेव्हा कुठल्या तरी परदेशी माणसाने इंटरनेटवर सांगितलं म्हणून आपल्यालाही तसंच होईल हे गृहीत धरणाऱ्याला मी प्रश्न विचारणारच. आणि त्याच न्यायाने, माझ्या चुलतभावाला कीटोने त्रास झाला म्हणून तुम्हालाही होईल, हेही मला म्हणता येत नाही. हे दुसरं वाक्य लिहिताना जड गेलं.

शेपू-डाळ (कर्वेनगर)

माझा अनुभव वजनाचा नाही. मुलाला एपिलेप्सी आहे. दोन औषधं देऊनही फिट्स थांबेनात, तेव्हा न्यूरॉलॉजिस्टनी कीटोजेनिक आहार सुचवला. हा आहार मुळात याच आजारासाठी तयार झाला, १९२१ साली, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये. त्यामुळे "कीटो म्हणजे आजकालचं फॅड" असं कोणी म्हणालं की मी गप्प बसत नाही.

आमच्याकडे अंदाजपंचे काहीच नसतं. प्रथिनं आणि कार्ब्स मिळून एक ग्रॅम, तर स्निग्ध चार ग्रॅम, असं प्रमाण. प्रत्येक घास काट्यावर. औषधाच्या सिरपमध्ये साखर असते, म्हणून तीही मोजायची. जमेल तिथे सिरपऐवजी गोळी लिहून घ्यायची. टूथपेस्ट गिळू द्यायची नाही. अधूनमधून रक्त-लघवीच्या तपासण्या, मुतखडा होऊ नये म्हणून पाणी. फिट्स बऱ्याच कमी झाल्या, पूर्ण थांबल्या नाहीत. त्याच ओपीडीत भेटलेल्या एका आईच्या मुलीला काहीच फरक पडला नाही, त्यांनी काही महिन्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू बंद केलं. तिने आमच्याइतकंच काटेकोर केलं होतं. तिच्या काट्यावर शंका घ्यायची कोणाची छाती आहे?

नातेवाईकांच्या शंकेला उत्तर देत बसणं मी सोडून दिलं. एका मुंजीत कोणीतरी प्रेमाने त्याच्या तोंडात पेढा भरवला, "एकाने काय होतंय" म्हणत. तेव्हापासून कार्यात आम्ही दोघांपैकी एकजण फक्त त्याच्यापाशी बसतो. शाळेत डॉक्टरांचं पत्र दिलंय. पटवून देणं वगैरे नंतर, आधी पेढा अडवायचा.

सिंहगड रोड

टाइप टू डायबेटिस, वय ५६. गोळ्या: ग्लिमेपिराइड आणि डापाग्लिफ्लोझिन. गटात सगळे सांगत होते की कीटोने शुगर खाली येते, बिनधास्त सुरू करा. एकाच बाईंनी विचारलं, "काका, गोळ्या कुठल्या?" नावं सांगितली तर म्हणाल्या, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही सुरू करू नका. मला तेव्हा त्या फार नकारात्मक वाटल्या.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. ग्लिमेपिराइड इन्सुलिन वाढवते. कार्ब्स एकदम बंद केले आणि गोळी तशीच ठेवली तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिनचं प्रकरण त्याहून फसवं. ती चालू असताना कीटो केलं तर रक्तात कीटोन्स (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) इतके साठू शकतात की रक्त आम्लधर्मी होतं, आणि तेव्हा ग्लुकोमीटरवर शुगर जवळपास नेहमीसारखी दिसू शकते. माणूस उलट्या करतोय, धाप लागतेय आणि घरचे म्हणतायत शुगर तर ठीक आहे, अॅसिडिटी असेल.

त्यांनी आधी गोळ्या बदलल्या, मग बेताने कार्ब्स कमी करायला सांगितले. माझी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) ८.४ वरून ६.६ वर आली. म्हणजे मी कीटोचा लाभार्थीच. पण त्या बाईंनी टोकलं नसतं तर हे लिहायला मी असतो की नाही कोण जाणे.

वॉर्ड नंबर नाही सांगणार

काका, मीच ती. नर्स आहे. त्या दिवशी मला "निगेटिव्हिटी पसरवू नका" असा मेसेज आला होता, अॅडमिनकडून. तुमची एचबीएवनसी वाचून बरं वाटलं.

अजून एक राहिलंय. डोकं दुखलं, गळून गेल्यासारखं झालं की सगळ्यांना सरसकट "मीठ-पाणी प्या" सांगतात. कार्ब्स कमी झाल्यावर मूत्रपिंडं जास्त मीठ बाहेर टाकतात, त्यामुळे बहुतेकांना त्याने बरं वाटतंही. पण बीपीचा, हृदयाचा किंवा किडनीचा पेशंट समोर असेल तर हा सल्ला देऊ नका हो.

मेसचा डबा

शाकाहारी, विद्यार्थी, नारायण पेठ. भाजीत बटाटा, आमटीत गूळ, रविवारी पुलाव. पनीर रोज परवडत नाही. दहा दिवसांत संपलं. कोणी शंका घेतली नाही, कोणाला कळलंच नाही.

डंबेल

जिममध्ये शिकवतो, सगळे माझ्यावर तुटून पडतील, तरी बोलतो. "नीट करत नसणार" हे वाक्य मी रोज म्हणतो, कारण दहातले सात खरंच करत नसतात. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खातात, उपवासाचं म्हणून ते मोजतच नाहीत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. सॉसमध्ये साखर, 'शुगर फ्री' बिस्किटात मैदा, ताकाऐवजी फ्लेवर्ड योगर्ट. आणि मग गटात लिहितात, कीटो फसवं आहे. नवीन आलेला माणूस ते वाचून पळतो.

कटाची आमटी

डंबेल, मान्य. पण तू माझ्या ताटाबद्दल विचारलंस का कधी? विचारणं वेगळं आणि निकाल देणं वेगळं.

डंबेल

नव्हतं विचारलं. रविवारी या, चहा माझा. बिनसाखरेचा.

वरीचा भात (आहारतज्ज्ञ, औंध)

स्टॅनफर्ड विद्यापीठातला २०१८चा एक अभ्यास मी पेशंटना नेहमी सांगते. ६०९ माणसं, निम्म्यांना कमी चरबीचा आहार, निम्म्यांना कमी कार्ब्सचा, वर्षभर. सरासरी वजनघट एकीकडे ५.३ किलो, दुसरीकडे ६. फरक नगण्य. पण दोन्ही गटांत पंचवीस किलोंहून जास्त उतरलेले होते आणि सात-आठ किलो वाढलेलेही होते. तो आहार कीटोइतका कडक नव्हता, हे कीटोवाल्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. तरी एकाच आहारावर शेजारी बसलेल्या दोघांचं इतकं वेगळं होऊ शकतं, हे त्यातून दिसतं.

केस गळतात म्हणून घाबरून येणाऱ्या पुष्कळ आहेत. भराभर वजन उतरलं की दोन-तीन महिन्यांनी केस गळू शकतात, मग आहार कुठलाही असो. बहुतेकांचे परत येतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी मात्र हा प्रयोग आपल्या मनाने करू नये. त्यात मी चर्चाच करत नाही.

दोन चुली (धनकवडी)

इथे सगळे करणारेच लिहितायत. करून घालणारी मी एकटीच दिसतेय.

कीटो नवऱ्याचं. घरात सासरे डायबेटिसचे, मुलगी दहावीला, तिला पोळी-भाजी हवी. त्याच्यासाठी फुलकोबी किसून भात, बदामाच्या पिठाची पोळी जी लाटताना फुटते, वर पनीर. बदामाच्या पिठाचा भाव बघून मी ती पोळी पाहुण्यांना दाखवली होती. मी एकदा म्हटलं, याचा खरंच उपयोग होतोय का? तर गटातले मित्र त्याला म्हणाले, "घरचा सपोर्ट नसेल तर अवघड असतं." सपोर्ट! सकाळी सहाला मी काय करत असते असं वाटतं यांना?

त्याचं वजन उतरलं, घोरणंही कमी झालं, खोटं कशाला सांगू. मला आक्षेप कीटोवर नव्हताच. मी तेच सांगितलं आणि ताटाची वाटणी केली: पालेभाजी, अंडी, ताक सगळ्यांना सारखं, बाकी ज्याचं त्याने. आता तो स्वतः मंडईत जातो, फुलकोबी स्वतः किसतो. बदामाच्या पिठाची पोळी त्याने दोनदा करून पाहिली, तेव्हापासून घरात ती कोणी मागितलेली नाही.