घरच्या समारंभाला 'थीम' लागतेच का? आणि परंपरा ठरवून सुरू करता येते का?

निळी शाई

गेल्या महिन्यात मुलाचा नववा वाढदिवस झाला. आठ मुलं, अडीच तास, थीम गुप्तहेर. दुसऱ्या दिवशी एक नातेवाईक म्हणाले, "पूर्वी माणसं जमायची, आता थीम जमते." तेव्हा हसून सोडून दिलं, पण वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं की थीम म्हणजे सजावट नव्हे. एकदा 'गुप्तहेर' ठरलं की पुढचे वीस निर्णय आपोआप होतात. आमंत्रण सांकेतिक लिपीत गेलं. ज्युलियस सीझर म्हणे प्रत्येक अक्षर तीन घरं पुढे सरकवून पत्रं लिहायचा, तसंच आम्ही वर्णमालेत केलं. क चा घ, ल चा ष, काना-मात्रा जागच्या जागी. 'खोली'चं 'ङोषी' झालं आणि अर्ध्या मुलांना ङ हा शाईचा डाग पडलेला ड वाटला. लिंबाच्या रसाची अदृश्य शाईही केली होती. ती उमटवायला दिव्याजवळ धरायची असं लहानपणापासून ऐकलेलं. एलईडीवर काही म्हणजे काही उमटत नाही, तो तापतच नाही! शेवटी इस्त्री काढली. पेन्सिलीचं शिसं कागदावर घासून त्यावर बोट टेकवायचं, मग पारदर्शक चिकटपट्टीने ठसा उचलायचा, हे तर इतकं चाललं की कुणाला किती चक्रं आणि किती शंख यावरच अर्धा तास गेला. विकतचं जवळपास काहीच नव्हतं.

दुसरी गोष्ट परंपरेची. चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी वीज गेली. मेणबत्त्या लावल्या, भिंतीवर सावल्यांचे प्राणी केले, सासूबाईंनी त्यांच्या शाळेतल्या गोष्टी सांगितल्या. पुढच्या वर्षी त्याच सुमारास मुलगा म्हणाला, परत वीज घालवूया. तेव्हापासून वर्षातून एका संध्याकाळी आम्ही मेन स्विच बंद करतो. हे ठरवून केलेलं आहे आणि आमच्यासाठी ते कुठल्याही सणाइतकंच खरं आहे.

तुमचं काय मत?

आडवळण

असहमत, आणि दोन्ही मुद्द्यांवर.

परंपरा मागे वळून पाहिल्यावर कळते. पुढे बघून केली की ती योजना होते. "आजपासून ही आपली परंपरा" म्हणणं म्हणजे रोप लावायच्या आधी पाटीवर 'जुना वड' लिहून ठेवण्यासारखं. तुमचंच उदाहरण घ्या. वीज गेली ती कुणी ठरवून घालवली नव्हती, म्हणून ती संध्याकाळ लक्षात राहिली.

थीमबद्दल पाहुण्याच्या बाजूने बोलतो. मला एकदा 'सगळ्यांनी एकाच दशकातले कपडे घालून या' असं आमंत्रण होतं. दोन दिवस कपाटं उपसली. तिथे गेलो तर यजमान फोटोसाठी मला डावीकडे सरका, उजवीकडे सरका करत होते. मी पाहुणा होतो की पडदा, हे अजून कळलेलं नाही. आपल्या घरी लोकांना बोलावताना त्यांच्यावर काम लादायचं नाही, ही साधी रीत आहे.

आणि फोटोंचं म्हणाल तर लिंडा हेंकेल यांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. संग्रहालयात ज्या वस्तूंचा लोकांनी फोटो काढला, त्या वस्तू त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. समारंभ फोटोसाठी उभा केला की लक्षात फोटोच राहणार.

मोजपट्टी

हेंकेल यांच्या त्याच अभ्यासात पुढे एक भाग आहे. वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला तर आठवण तशी घसरली नाही. म्हणजे दोष सगळा कॅमेऱ्याचा नाही, न बघता बटण दाबण्याचा आहे. अर्धंच उदाहरण देऊ नका, एवढीच विनंती. :)

परंपरा ठरवून करता येत नाही, हेही टिकत नाही. एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी १९८३ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथाचा विषयच हा होता. प्राचीन वाटणाऱ्या कितीतरी प्रथा प्रत्यक्षात अलीकडे आणि जाणूनबुजून घडवलेल्या असतात. राज्यं आणि संस्था हे करतात, मग चौघांच्या घराने का करू नये?

घरापुरतंही काम झालेलं आहे. स्टीव्हन वोलिन आणि लिंडा बेनेट यांनी १९८४ मध्ये कौटुंबिक विधींचे तीन प्रकार सांगितले: सगळा समाज साजरे करतो ते सण, फक्त त्या घराच्या अशा प्रथा (वाढदिवस, सहली, वार्षिक भेटी), आणि रोजचं ठरलेलं वागणं, जसं एकत्र जेवायला बसणं. मेन स्विच दुसऱ्या प्रकारात बसतो. त्याआधी त्यांनी दारूचं व्यसन असलेल्या पालकांची कुटुंबं अभ्यासली होती. ज्या घरांनी व्यसनाच्या काळातही आपल्या प्रथा मोडू दिल्या नाहीत, तिथे व्यसन पुढच्या पिढीत उतरण्याचं प्रमाण कमी दिसलं. एवढ्यावरून प्रथेमुळेच मुलं वाचली असं म्हणता येणार नाही. ज्या घरात मुळात धरून ठेवणारं कुणीतरी होतं, तिथेच प्रथाही टिकली असेल. तरी 'हौसेचा खेळ' म्हणून उडवून लावण्याइतकी ही गोष्ट हलकी नाही.

सावली

'धरून ठेवणारं कुणीतरी' हे शब्द फार अलगद आले. ते कुणीतरी कोण असतं हो?

कॅरोलिन रोझेन्थाल यांनी १९८५ मध्ये याच कामावर लिहिलं: नात्यातल्यांना फोन करणं, तारखा लक्षात ठेवणं, सगळ्यांना एकत्र आणणं. बहुतेक घरांत ते बाईकडे होतं. १९८७ मध्ये मिकाएला दी लिओनार्दो यांनी शुभेच्छापत्रं आणि सणांची तयारी हेही कामच आहे असं मांडलं, कारण ते कुणी कामात धरतच नव्हतं. आणि २०१९ मध्ये ॲलिसन डॅमिंजर यांनी घरातल्या डोक्याच्या कामाचे चार टप्पे पाडले: काय लागणार याचा आधीच अंदाज घेणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं, मग झालं की नाही यावर नजर ठेवणं. निर्णय दोघं मिळून घेतात. पहिला आणि शेवटचा टप्पा बहुतेक वेळा बायकोकडे.

आमच्या घरी नवऱ्याने फुगे फुगवले आणि आठवडाभर सगळ्यांना सांगितलं की फुगे त्याने फुगवले. फुगे आणायचे आहेत हे कुणाच्या डोक्यात होतं, हे कुणी विचारलं नाही.

तेव्हा निळी शाई, थीममुळे वीस निर्णय आपोआप झाले म्हणता, ते कुणाच्या डोक्यात झाले? 'विकतचं काही नव्हतं' याचा अर्थ माझ्या कानाला 'सगळं रात्री जागून केलं' असा ऐकू येतो.

खडूफळा

+१ सावली. पण थीमच्या बाजूनेही लिहिते, कारण वर्षानुवर्षं मुलांचे घोळके सांभाळले आहेत.

'खेळा आता' असं सांगितलं की धीट मुलं खोली ताब्यात घेतात आणि दोन-तीन जण भिंतीला चिकटतात. तुझ्याकडे भिंग आहे, तू ठसे तपासायचे, असं त्याच दोघांना सांगा. त्यांना बोलावं लागत नाही, काम असतं, आणि काम करताना ती आपोआप बोलू लागतात. थीमचा खरा उपयोग मला इथे दिसतो. आडवळण, तुम्हाला कपड्यांऐवजी काम दिलं असतं तर तुम्ही एवढे चिडला नसता!

मोठ्यांचं लक्ष पार्टीच्या सुरुवातीवर असतं, बिघडतो मात्र शेवट. डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा प्रयोग आहे. लोकांनी हात १४ अंशांच्या थंड पाण्यात मिनिटभर धरला. दुसऱ्या खेपेला तेवढंच मिनिट, वर आणखी अर्धं मिनिट, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांवर आणलं. पुन्हा कुठला करायचा विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचा निवडला, कारण शेवट जरासा बरा होता. मुलांच्या पार्टीत शेवटची वीस मिनिटं म्हणजे दमलेली, चिडलेली मुलं आणि चपला शोधणारे पालक. तेव्हा धावाधावीचा खेळ अजिबात ठेवू नका. बसून करायचं काहीतरी हवं, जे हातात घेऊन घरी जाता येईल.

अवांतर: सावली यांनी फुग्यांचा विषय काढलाच आहे तर, रबरी फुगा फुटला की तुकडे लगेच उचला. न फुगवलेला किंवा फुटलेला फुगा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने आठ वर्षांखालच्या मुलांसाठीचा इशारा पाकिटावर छापावा लागतो. हेलियम भरण्याचा सोस तर नकोच. तो नैसर्गिक वायूच्या साठ्यांतून मिळतो, एकदा हवेत सुटला की परत हाती लागत नाही, आणि एमआरआयचे चुंबक थंड ठेवायला तोच लागतो. प्लास्टिकच्या सुट्या चकमकीवर (ग्लिटरवर) युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून बंदी आणली आहे. बंदी नसती तरी पुढच्या वर्षीपर्यंत ती सतरंजीतून निघत नाही, हे मी स्वतः सांगते.

निळी शाई

सावली, रात्री जागले नाही. कोडी नवऱ्याने रचली, ठशांचं टेबल त्यानेच सांभाळलं. ङोषी ही त्याचीच करामत.

आडवळण, वीज पहिल्या वर्षी आपोआप गेली हे मान्य. पण दुसऱ्या वर्षी स्विचकडे कुणीतरी चालत गेलं ना? पहिली वेळ योगायोगाने येऊ शकते. दुसरी वेळ कुणालातरी आणावी लागते. कितीतरी घरांत अशा छान संध्याकाळी होऊन गेल्या असतील, दुसऱ्या वर्षी कुणी उठलं नाही म्हणून विषय तिथेच संपला.

सावली

छान. आणि काय काय लागणार याची यादी?

निळी शाई

...मी केली.

आडवळण

दुसऱ्या वेळेचा मुद्दा चांगला आहे, विचारात पडलो. पण मग पाचव्या वेळेचं काय? आठव्या? मुलगा सतरा वर्षांचा होईल, त्याला त्या संध्याकाळी मित्रांकडे जायचं असेल, आणि आई मेन स्विचपाशी उभी. आपोआप झालेली गोष्ट आपोआप सुटते. ठरवलेली गोष्ट मोडावी लागते, आणि मोडणारा वाईट ठरतो. माझा खरा विरोध इथे आहे, आधी नीट मांडता आला नाही.

जुनं दप्तर

आडवळण म्हणतात ते आमच्याकडे होऊन गेलंय. लांबण लागेल, पण लिहितो.

मुलं लहान असताना सुट्टीत सगळी भावंडं जमली की शेवटच्या रात्री नाटुकलं व्हायचं. चादरीचा पडदा, मी सूत्रधार. दरवर्षी. मुलं मोठी झाली, नोकरीला लागली, तरी चालूच. आमचा थोरला सत्तावीस वर्षांचा, डोक्याला टॉवेलचा फेटा बांधून प्रधान झालेला. मी मनात म्हणायचो, मुलांना किती आवडतं, आपल्या गुडघ्यांचं काय घेऊन बसायचं. एका वर्षी मला ताप होता म्हणून राहिलं. त्या रात्री सगळे नुसते बसून गप्पा मारत होते आणि धाकटी बोलून गेली, "बाबा, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आम्ही करायचो." मी म्हटलं, अगं, मी तुमच्यासाठी करत होतो! हिला विचारलं. तिला तर पहिल्यापासूनच त्या चादरी धुवायचा कंटाळा. हिशेब केला, निदान चार वर्षं ते नाटुकलं एकालाही नको होतं.

नंतर कळलं की याला नाव आहे. जेरी हार्वे नावाच्या प्राध्यापकांनी १९७४ मध्ये लिहिलंय, ॲबिलीनचा विरोधाभास. घरातले चौघं रणरणत्या उन्हात लांबच्या गावी जेवायला जाऊन येतात, आणि परतल्यावर उघड होतं की जायचं कुणालाच नव्हतं. प्रत्येकाला वाटलं बाकीच्यांना हवंय.

म्हणून मी निळी शाईंच्या बाजूने आहे आणि आडवळणांच्याही. परंपरा खुशाल सुरू करा. मात्र दर दोन-तीन वर्षांनी घरात विचारा, आणि तोंडी नको. तोंडी विचारलं की सगळे हो म्हणतात. चिठ्ठ्या टाका.

मोजपट्टी

चिठ्ठी उत्तम. बार्बरा फीस आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये या विषयावरच्या ५० वर्षांतल्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात नित्यक्रम आणि विधी यांच्यात एक फरक केलाय. 'हे करायचं असतं' हा नित्यक्रम. 'आपण असे आहोत' हे ज्यातून कळतं तो विधी. तुमचं नाटुकलं कुठल्या वर्षी पहिल्या डब्यातून दुसऱ्यात गेलं, सॉरी, दुसऱ्यातून पहिल्यात गेलं, ते चिठ्ठीशिवाय कळलंच नसतं.

आडवळण

दप्तरकाका, तुम्ही दोन्ही बाजूंना मत देऊन मोकळे झालात. चिठ्ठीला माझा पाठिंबा. ती दरवर्षी टाकायची परंपरा मात्र करू नका.

निळी शाई

काल रात्री आमच्याकडे चिठ्ठ्या टाकल्या. प्रश्न एकच: मेन स्विचची संध्याकाळ चालू ठेवायची का? चौघं जण, चार चिठ्ठ्या.

दोन 'हो'. एक 'हो'च्या पुढे सशाचं चित्र, ती कुणाची ते सांगायला नको. चौथीवर लिहिलंय, "हो, पण या वर्षी यादी तो करेल."

माझं अक्षर नाही. सासूबाईंचं आहे.