नाण्यावरील तिसरा चेहरा: मातिल्दा गेटर

दुसऱ्या महायुद्धात वॉर्सातील ज्यू मुलांना वाचवणाऱ्या पोलिश समाजसेविका इरेना सेंडलर यांच्या स्मृतिनाण्याचा उल्लेख अनेकदा होतो. त्याला एक जोड द्यावीशी वाटते. पोलंडच्या राष्ट्रीय बँकेने 2009 मध्ये, ज्यूंना वाचवणाऱ्या पोलिश नागरिकांच्या सन्मानार्थ 20 झ्लॉटींचे चांदीचे आणि 2 झ्लॉटींचे ‘नॉर्डिक गोल्ड’चे (नावात सोने असले तरी हा मुख्यतः तांब्याचा मिश्रधातू) नाणे काढले. त्यात सेंडलर आणि लेखिका झोफिया कोसाक यांच्यासोबत मातिल्दा गेटर यांनाही स्थान आहे, आणि नेमके त्यांचेच नाव चर्चेतून सुटते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

गेटर या ‘फ्रान्सिस्कन सिस्टर्स ऑफ द फॅमिली ऑफ मेरी’ या कॅथलिक नन्सच्या संघाच्या वॉर्सातील प्रांतप्रमुख होत्या. ज्यूंना आसरा देणाऱ्याला पोलंडमध्ये जर्मनांनी मृत्युदंड ठेवला असतानाही त्यांनी वॉर्सा घेट्टोतून (जर्मनांनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतून) बाहेर काढलेली शेकडो मुले आपल्या अनाथालयांत सामावून घेतली. ज्यू असल्याचे लपवण्यासाठी अशा मुलाला नवे नाव, बाप्तिस्म्याचा दाखला आणि ख्रिस्ती प्रार्थनांची ओळख, सारे काही द्यावे लागे, आणि हे काम त्यांच्या संघातील अनेक भगिनींनी मिळून पेलले. ज्यूंच्या नरसंहाराची स्मृती जपणाऱ्या याद वाशेम या इस्रायली संस्थेने 1985 मध्ये गेटर यांना ‘राष्ट्रांमधील नीतिमान’ हा, ज्यूंना वाचवणाऱ्या बिगर-ज्यू व्यक्तींना दिला जाणारा सन्मान दिला. त्यांचे निधन मात्र 1968 मध्येच झाले होते.